वाचकांचे प्रश्न : तापमानवाढ खरी कशावरून?

हवामान बदलावरच्या गेल्या अंकातल्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एक सूर वारंवार दिसला. आकडे समजतात, पण ते देणाऱ्यांवर विश्वास का ठेवायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला तसंच सरळ उत्तर द्यायला हवं. निवडक पत्रं थोडी संक्षिप्त करून छापत आहोत.

प्रश्न : मी आयुष्यभर हिशेब तपासले. जुन्या वहीतले आकडे कुणी मागाहून बदलले, की आम्ही त्याला घोटाळा म्हणतो. शास्त्रज्ञ मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या तापमानात आज 'दुरुस्त्या' करतात आणि त्याला विज्ञान म्हणतात. हे कसं चालतं?

उत्तर : खाडाखोड वेगळी आणि दुरुस्ती नोंद वेगळी, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. मूळ आकडा जागेवर आहे, शेजारी दुरुस्तीची रक्कम आहे, कारण आणि रीत लिहिलेली आहे, तर तुम्ही ती नोंद तपासाल. दिसली म्हणून फेटाळणार नाही. तापमानाच्या जागतिक संग्रहात मूळ आणि दुरुस्त अशा दोन्ही मालिका ठेवलेल्या असतात. प्रमुख गटांचे दुरुस्ती करणारे संगणकीय प्रोग्रामही कुणालाही उतरवून घेता येतात.

दुरुस्ती लागते कशाला, ते एकाच तापमापकावरून पाहा. कमाल तापमापकातला पारा दिवसाच्या सर्वोच्च तापमानापर्यंत चढतो आणि झटकेपर्यंत तिथेच थांबतो, ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरसारखा. झटकला तरी तो त्या क्षणाच्या तापमानापर्यंतच उतरतो. समजा, निरीक्षक रोज संध्याकाळी ५ वाजता नोंद घेऊन पारा झटकतो. सोमवारी ५ वाजताही हवा ३८ अंशांवर आहे, म्हणून पारा ३८ वरच राहिला. मंगळवारी ढग आले आणि तापमान ३३ च्या वर गेलंच नाही. तरी मंगळवारी संध्याकाळी तापमापक ३८ दाखवणार. एक तापलेला दिवस वहीत दोनदा लागला. नोंद सकाळी ७ वाजता घेतली, तर किमान तापमापकात उलटी चूक होते आणि थंड पहाट दोनदा मोजली जाते. अमेरिकेतल्या स्वयंसेवी निरीक्षकांची नोंदीची वेळ विसाव्या शतकात हळूहळू संध्याकाळवरून सकाळवर आली. त्यामुळे कच्च्या आकड्यांत जी थंडी दिसते, तिचा काही भाग फक्त घड्याळाने आणलेला आहे. तो काढून टाकला की तिथली तापमानवाढ जास्त दिसते, आणि टीकाकार नेमकं एवढंच दाखवतात.

समुद्राचं कुणी फारसं दाखवत नाही. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासची बादली सोडून पाणी वर ओढायचे आणि त्यात तापमापक धरायचे. ओल्या कापडातून बाष्पीभवन होऊन पाणी डेकवर येईपर्यंत थोडं निवायचं, त्यामुळे नोंद खऱ्यापेक्षा कमी यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंजिनात घेतल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान जास्त प्रमाणात नोंदलं जाऊ लागलं, आणि ते उलट थोडं गरम असतं. ही दुरुस्ती केली की जुना समुद्र आधीच्या नोंदींपेक्षा गरम ठरतो, म्हणजेच तेव्हापासूनची वाढ कमी होते. पृथ्वीचा सुमारे ७० टक्के पृष्ठभाग समुद्राचा. त्यामुळे जमीन आणि समुद्राच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र केल्या की शतकभराची जागतिक तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा किंचित कमी भरते. वाढ फुगवून दाखवण्याचा कट असता, तर ही नोंद कुणी केली असती?

लेखापरीक्षण बाहेरच्या माणसाने करावं, ही तुमची अपेक्षाही पुरी झाली आहे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना या नोंदींबद्दल उघड शंका होत्या. त्यांनी २०१० मध्ये 'बर्कली अर्थ' हा प्रकल्प सुरू केला. निधीचा काही भाग तेलउद्योगातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानाकडून आला होता. ३५,००० हून जास्त केंद्रांच्या नोंदी घेऊन त्यांनी स्वतःच्या वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने हिशेब मांडला. उत्तर आधीच्या गटांशी जुळलं, आणि मुलर यांनी २०१२ मध्ये आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं.

प्रश्न : हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, मान्य. पण तो ज्वालामुखींतून किंवा समुद्रातून आलेला नाही, माणसाचाच आहे, हे कशावरून?

उत्तर : आधी साधा ताळेबंद. हवेतलं प्रमाण दर १० लाख भागांत १ भागाने (म्हणजे १ पीपीएमने) वाढायला सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. अलीकडे वाढ वर्षाला साधारण अडीच पीपीएम आहे, म्हणजे हवेत दरवर्षी सुमारे १९ ते २० अब्ज टनांची भर पडते. जीवाश्म इंधनं आणि सिमेंट यांतून माणूस वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो, जंगलतोड वेगळीच. जेवढा सोडला त्याच्या जेमतेम निम्मा हवेत उरला. उरलेला समुद्र आणि वनस्पतींनी घेतला, म्हणजे निसर्ग इथे देणारा नसून घेणारा आहे. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा सोडतात, तो आपल्या उत्सर्जनाच्या १ टक्क्याहूनही कमी भरतो.

एवढ्यावर समाधान नसेल, तर कार्बनची जात तपासता येते. कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार ५,७३० वर्षांत निम्मा होतो, म्हणून कोट्यवधी वर्षं गाडलेल्या कोळशात आणि तेलात तो शिल्लक नसतो. हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या लाकडावरून दाखवलं, की विसाव्या शतकातल्या हवेत कार्बन-१४ पातळ होत चालला आहे. जिवंत वनस्पती आणि मातीतला ताजा कार्बन हा स्रोत इथे बाद झाला. ज्वालामुखी मात्र झाला नाही, कारण त्याच्याही वायूत कार्बन-१४ नसतो. त्याला बाद करतो कार्बन-१३. वनस्पती हा जड प्रकार कमी घेतात, त्यामुळे त्यांच्यापासून बनलेल्या कोळशा-तेलातही तो कमी असतो. ज्वालामुखीच्या वायूत तो तितका कमी नसतो. हवेत कार्बन-१३ चं प्रमाण सतत घसरत आहे. तिसरी साक्ष ऑक्सिजनची. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो, तर ज्वालामुखी किंवा समुद्रातून कार्बन डायऑक्साइड नुसता बाहेर पडला तर तसा होत नाही. हवेतला ऑक्सिजन वर्षाला साधारण ४ पीपीएमने कमी होतोय. श्वासाला धोका अजिबात नाही, कारण साठा २ लाख ९ हजारांहून जास्त पीपीएमचा आहे. पण पुरावा म्हणून हा आकडा फार मोलाचा.

सूर्याचं नाव घेतलं जातं, म्हणून तेही सांगतो. सूर्याची ऊर्जा १९७८ पासून उपग्रहांवरून मोजली जाते. ११ वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्क्याने वरखाली होते, पण या काळात चढता कल नाही. शिवाय सूर्य कारण असता, तर वातावरणाचे खालचा थर तपांबर आणि वरचा थर स्थितांबर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात तपांबर तापलं आणि स्थितांबर निवलं. स्यूकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या संगणकीय मॉडेलने हे १९६७ मध्येच, मोजमापं हाती येण्याच्या कितीतरी आधी, सांगितलं होतं.

प्रश्न : '९७ टक्के शास्त्रज्ञ सहमत' हा आकडा फसवा आहे, असं वाचलं. खरं काय?

उत्तर : आकडा खरा, पण तो ज्या पद्धतीने फेकला जातो ती पद्धत चुकीची. २०१३ मध्ये जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश वाचले. ६६.४ टक्के सारांशांत तापमानवाढीच्या कारणाबद्दल काहीच भूमिका नव्हती. ३२.६ टक्क्यांनी मानवी कारण मान्य केलं, ०.७ टक्क्यांनी नाकारलं आणि ०.३ टक्क्यांनी अनिश्चित म्हटलं. ९७ टक्के हे भूमिका घेणाऱ्यांतले आहेत. 'उरलेले ६६ टक्के असहमत' हा अर्थ मात्र साफ चुकीचा. हृदयशस्त्रक्रियेवरच्या निबंधाच्या सारांशात रक्ताभिसरण होतं की नाही याची चर्चा नसते. आमच्या मते वादात हा आकडा पुढे करूच नये. पुरावा दाखवता येत असताना मतमोजणी दाखवायची गरज काय?

प्रश्न : २००९ मध्ये शास्त्रज्ञांचे ईमेल फुटले, त्यात 'घट लपवा' असं लिहिलेलं होतं. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील हेही खोटं निघालं. तरीही विश्वास?

उत्तर : दोन्ही प्रसंग खरे आहेत, आणि दोन्हींत शास्त्रज्ञांकडे दोष जातो. फक्त दोष कुठे होता ते नीट पाहू.

नोव्हेंबर २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधन विभागातले हजारहून अधिक ईमेल चोरून प्रसिद्ध केले गेले. ती 'घट' तापमानाची नव्हती, वृक्षवलयांची होती, म्हणजे जुन्या काळचं तापमान ज्यांवरून ताडतात त्या झाडांच्या खोडातल्या वार्षिक कड्यांची. उत्तर गोलार्धातल्या काही उंच अक्षांशांवरच्या झाडांची वलयं १९६० नंतर तापमापकांशी जुळेनाशी झाली. वलयं घट दाखवत होती आणि तापमापक वाढ. शोधनिबंधांत हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला होता. पण जागतिक हवामान संघटनेच्या १९९९ च्या एका पत्रकाच्या मुखपृष्ठासाठी काढलेल्या आलेखात १९६० नंतरचा वलयांचा भाग गाळून तिथे तापमापकाची रेषा जोडली गेली, आणि तसं केल्याचं आलेखावर स्पष्ट लिहिलं नाही. म्युर रसेल समितीने २०१० मध्ये त्या चित्राला दिशाभूल करणारं म्हटलं. माहिती मागणाऱ्यांशी हे संशोधक मोकळेपणाने वागले नाहीत, असा ठपकाही ठेवला. आकडे बनवल्याचा किंवा निष्कर्ष खोटे असल्याचा पुरावा मात्र कोणत्याही चौकशीत सापडला नाही. आणि त्या विभागाची मालिका संपूर्ण वगळली, तरी इतर गटांच्या स्वतंत्र मालिका तोच कल दाखवतात.

२०३५ ची चूक जास्त लाजिरवाणी होती. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या म्हणजे आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात, परिणामांविषयीच्या दुसऱ्या खंडात ते वाक्य परीक्षण न झालेल्या स्रोतावरून आलं. त्याच अहवालाच्या पहिल्या खंडात हिमनदीतज्ज्ञांनी लिहिलेल्या भागात तो दावा नव्हता. तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि समितीने जानेवारी २०१० मध्ये चूक जाहीरपणे कबूल केली. त्यानंतर कार्यपद्धतीचं बाहेरून परीक्षण झालं, आणि चूक नोंदवून दुरुस्त करण्याची रीतसर पद्धत आली. तुमच्यासाठी त्यातला उपयोगाचा भाग असा. अहवाल उघडला की 'धोरणकर्त्यांसाठी सारांश' हा भाग सरकारांच्या प्रतिनिधींनी ओळ न् ओळ संमत केलेला असतो. सरकारी हात न लागलेलं मत हवं असेल, तर प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीचा सारांश वाचा. तो लेखक-शास्त्रज्ञांचा असतो.

प्रश्न : १९७० च्या दशकात हेच लोक हिमयुग येणार म्हणत होते ना?

उत्तर : काही नियतकालिकं म्हणत होती. १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध नंतर मोजले गेले, तेव्हा थंडी वाढेल असं सुचवणारे ७ आणि तापमान वाढेल असं सांगणारे ४४ निघाले.

प्रश्न : मॉडेलांवर भरवसा कसा ठेवायचा? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर किती तापेल, याचं उत्तर ४० वर्षांत धड ठरलं नाही.

उत्तर : हा सगळ्या पत्रांतला सर्वांत मर्माचा प्रश्न. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या चार्नी समितीने उत्तर दिलं, १.५ ते ४.५ अंश. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात ते २.५ ते ४ अंश झालं, सर्वोत्तम अंदाज ३. रुंदी कमी व्हायला चार दशकं लागली, आणि अडथळा मुख्यतः ढगांचा. खालचे दाट ढग ऊन परतवतात, उंचावरचे पातळ ढग उष्णता अडवतात. तापलेल्या जगात दोघांचं प्रमाण नेमकं कसं बदलेल, हे मोजायला अवघड. इथली अनिश्चितता खरी आहे, आणि ती लपवणारा लेखक वाचकाचं नुकसान करतो. पण तिची व्याप्तीही लक्षात घ्या. शंका 'तापेल का' याबद्दल नाही, 'किती' याबद्दल आहे, आणि तिच्या खालच्या टोकालाही अडीच अंश आहेत.

अहवालातले शब्द वाचताना एक काळजी घ्या. 'शक्य' म्हणजे तिथे किमान ६६ टक्के संभाव्यता, 'अत्यंत शक्य' म्हणजे किमान ९० आणि 'जवळपास निश्चित' म्हणजे किमान ९९. २.५ ते ४ ही 'शक्य' पट्टी आहे. भाषांतरात हे शब्द सैल होतात आणि बातमी एकतर घाबरवणारी होते किंवा गुळमुळीत.

जुन्या भाकितांचं काय झालं? १९७० ते २००७ दरम्यानची १७ भाकितं नंतर प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली गेली. १० तशीच्या तशी जुळली. वायूंचं उत्सर्जन अंदाजापेक्षा कमीजास्त झालं त्याचा हिशेब केल्यावर १४ जुळली. उलट बाजूही सांगतो. अलीकडच्या पिढीतली काही मॉडेलं भूतकाळाशी ताडली तेव्हा जास्तच तापणारी निघाली. म्हणून २०२१ च्या अहवालात मॉडेलांची थेट सरासरी न घेता मोजमापं आणि इतर पुरावे जोडून अंदाज काढला गेला.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. कुणावरही विसंबायचं नाही, स्वतः आकडे काढून पाहायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

उत्तर : एक दुपार आणि स्प्रेडशीट पुरे. नासाच्या गोडार्ड संस्थेच्या 'गिसटेम्प' या मालिकेची जागतिक सरासरीची सीएसव्ही फाइल उतरवा. सुरुवात १८८० पासून. पहिली ओळ शीर्षकाची असते, ती काढा. चालू वर्षाच्या ओळीत न झालेल्या महिन्यांच्या जागी तारांकित खुणा असतात. ती पूर्ण ओळ काढा, नाहीतर सूत्र चुकेल. 'जे-डी' हा स्तंभ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर सरासरी. त्यातले आकडे प्रत्यक्ष तापमान नसून १९५१ ते १९८० च्या सरासरीपासूनचा फरक आहेत. फरकच का? डोंगरावरचं केंद्र आणि पायथ्याचं केंद्र यांचं तापमान वेगळं असतं, पण एखादा महिना नेहमीपेक्षा किती गरम, हे दोन्हींकडे जवळपास सारखंच निघतं.

आता १९७५ पासूनच्या आकड्यांवर 'स्लोप' हे सूत्र लावा, आधी तापमान आणि मग वर्षं या क्रमाने. क्रम उलटला की भलतंच उत्तर येतं, आणि ही चूक हमखास होते. उत्तराला १० ने गुणलं की दशकाची वाढ मिळते, ०.२ अंशांच्या आसपास.

मग फसवाफसवी स्वतः करून पाहा. १९९८ चा आकडा सुमारे ०.६१, २००८ चा सुमारे ०.५४. 'दहा वर्षांत तापमान घटलं!' आता सुरुवात एकाच वर्षाने पुढे सरकवा. १९९९ चा आकडा सुमारे ०.३८, म्हणजे २००८ पर्यंत चांगलीच वाढ. १९९८ ला तीव्र एल निन्यो होता, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून ते वर्ष तात्पुरतं जास्त गरम झालं होतं, म्हणून ते वर्ष सुरुवातीला धरणं सोयीचं होतं. हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावा. थंड वर्षापासून सुरू करून गरम वर्षावर थांबणारा, वाढ प्रचंड दाखवणारा छोटा आलेखही तितकाच फसवा. किमान ३० वर्षं घ्या, आणि सुरुवात एक-दोन वर्षं मागेपुढे करून उत्तर टिकतं का ते बघा.

ब्रिटनची 'हॅडक्रूट' मालिका शेजारी मांडाल, तेव्हा दोन रेषा एकमेकींपासून सरकलेल्या दिसतील. घाबरू नका. तिची आधारवर्षं १९६१ ते १९९० आहेत. दोन्ही मालिकांतून त्यांची त्याच ३० वर्षांची सरासरी वजा करा, रेषा एकमेकींवर बसतील. वर दिलेल्या आकड्यांत तुमच्या फाइलमध्ये दुसऱ्या दशांश स्थळी किंचित फरक पडू शकतो. उशिरा आलेल्या नोंदी भरल्या की मालिका पुन्हा काढली जाते.

प्रश्न : माझे थोरले दीर शिकलेले, वाचणारे आहेत. पण हा विषय निघाला की 'शास्त्रज्ञ अनुदानासाठी बोलतात' म्हणून मोडीत काढतात. मोठ्यांशी वाद घालणं बरं दिसत नाही. काय बोलू?

उत्तर : वाद घालू नका, विचारा. 'भाऊजी, तुम्हाला पटत नाही ते नेमकं कोणतं? तापतंय हे, माणसामुळे तापतंय हे, किती तापेल हे, की त्यावर सुचवले जाणारे उपाय?' बहुतेकदा खरा राग चौथ्यावर असतो, करावर किंवा बंदीवर, आणि तो पहिल्यावर निघतो. उपायांबद्दल मतभेद असणं पूर्णपणे योग्य आहे. तिथे विज्ञानाबरोबर मूल्यं आणि पैशांचा प्रश्न येतो. एवढं मान्य केलंत की पहिल्या तीन प्रश्नांवर बोलणं सोपं होईल.

अनुदानाच्या मुद्द्याला एकच उदाहरण पुरेल. २०२३ मध्ये एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७७ ते २००३ या काळात केलेली तापमानाची भाकितं तपासली गेली. ६३ ते ८३ टक्के अचूक निघाली. पगार तेलाचा होता आणि उत्तर तेच आलं.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी. ६८ देशांतल्या ७१,९२२ लोकांच्या पाहणीत, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शास्त्रज्ञांवरचा सरासरी विश्वास ५ पैकी ३.६२ निघाला. म्हणजे विश्वास उडाल्याचा बोलबाला आहे तितका तो उडालेला नाही.

प्रश्न : मी शिक्षक आहे. वर्गात दाखवायला कार्बन डायऑक्साइड मीटर घेतला. बाहेर ४२० पीपीएम असतं असं शिकवतो आणि मीटर वर्गात १,१०० दाखवतो. मुलं म्हणतात, मीटर खोटा की पुस्तक खोटं?

उत्तर : बहुधा दोन्ही खरे. उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे बंद वर्गात १,१०० सहज होतात. पण आधी मीटर खराच कार्बन डायऑक्साइड मोजतो का ते बघा. त्याच्यावर 'एनडीआयआर' म्हणजे अवरक्त किरणांचा संवेदक असल्याचं लिहिलेलं हवं. काही स्वस्त मीटर इतर वायूंवरून नुसता अंदाज बांधतात. हात निर्जंतुक करायचं द्रव जवळ उघडा. आकडा एकदम उसळला, तर तो मीटर या कामाचा नाही.

बाहेर नेताना वारा असलेली दुपार निवडा. मीटर सावलीत, तोंडापासून हातभर दूर ठेवा आणि २० मिनिटं थांबा. पहाटे झाडीत मोजू नका. रात्रभर वनस्पती आणि माती कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि हवा हलत नाही. ५० पीपीएम इकडेतिकडे झाले तर तो अशा मीटरचा स्वभाव समजा. बरेच मीटर आठवडाभरातलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात. म्हणून कायम बंद खोलीत ठेवलेला मीटर हळूहळू कमी दाखवू लागतो. आठवड्यातून एकदा त्याला मोकळी हवा द्या.

मुलांना हेही सांगा, की चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात केली, तीही अवरक्त किरणांनीच. तो डोंगर ज्वालामुखी आहे. वारा मुखाकडून येतो तेव्हा आकडे एकदम उसळतात आणि अस्थिर होतात. ते तास ओळखून सरासरीतून वगळतात, आणि प्रमाण ठाऊक असलेल्या वायूच्या नळकांड्यांशी उपकरण नियमित ताडून पाहतात. तुमच्या वर्गालाही हे जमेल. महिनाभर दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी बाहेरचं वाचन घ्या. वारा नसलेले दिवस वगळा, पण वहीत ते दिवसही कारणासह लिहून ठेवा. महिनाअखेर मुलांनाच ठरवू द्या, कोणते दिवस वगळणं योग्य होतं आणि कोणते नव्हतं.